चर्चमधली तक्रार कुठे न्यायची?

नागपूरच्या सदरमधलं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल कॅथलिकांचं, तर ऑल सेंट्स हे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. पंथ वेगळे, पण मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोलिसांना सांगणं दोन्हीकडे सक्तीचं. २०१२च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ फादर, पास्टर, संडे स्कूलची शिक्षिका, सगळ्यांना लागू आहे. ‘आधी बिशपसाहेबांना विचारू’ ही सबब चालत नाही. हाताखालच्याचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोप फ्रान्सिस यांनी २०१९मध्ये पाद्री आणि नन यांना चर्चकडे तक्रार करणं बंधनकारक केलं. त्याने पोलिसांकडे जाणं टळत नाही.

कायदा नुसता कागदावर नाही. मुंबईत एका फादरला २०१५मधल्या अत्याचाराबद्दल विशेष न्यायालयाने २०२१मध्ये जन्मठेप दिली.

त्याच वर्षी चर्चशी संबंध नसलेल्या एका खटल्यात नागपूर खंडपीठाने कपड्यांवरून केलेल्या स्पर्शाला पॉक्सोचं कलम लावायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबरला तो निकाल फिरवला: लैंगिक हेतू महत्त्वाचा, त्वचेचा स्पर्श नव्हे. बरं झालं.

मूल बोललं तर ऐकून घ्या, खोदून विचारू नका, आरोपीसमोर उभं करू नका. ‘क्षमा कर’ असं तर मुळीच सांगू नका. जबाब घरीही घेता येतो, पोलीस गणवेशात नसतात. मुलाची ओळख छापणं गुन्हा आहे. मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइन: १०९८.