फीत भरणारा माणूस

हिपहॉपविषयी लिहिणारे बहुतेक जण प्रथम त्यातील शब्दांकडे वळतात, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण शब्द कागदावर उतरवून घेता येतात, त्यांचा अर्थ लावता येतो आणि त्यांवर आक्षेपही घेता येतो. परंतु शब्द उच्चारणारा रॅपर या कलेच्या दरबारात मागाहून आला. त्याच्या आधी तेथे दोन टर्नटेबलांमागे उभा असलेला एक माणूस होता, जो गात नसे, कोणते वाद्यही वाजवीत नसे, आणि ज्याची सारी दौलत म्हणजे दुसऱ्यांनी गाऊन-वाजवून ठेवलेल्या तबकड्यांची खोकी व अतिशय सावध असे दोन कान एवढीच होती. डीजे हा मुळात श्रोता आहे. ऐकण्याच्या कामातूनच त्याने आपली निर्मिती उभी केली, आणि ती साठवून ठेवण्यासाठी त्याला कोणत्याही कंपनीने दिले नसते असे एक साधन हाताशी घेतले: बाजारात मिळणारी कोरी कॅसेट.

न्यूयॉर्कच्या हार्लेममधील ज्या गृहस्थांना मी एका संध्याकाळी हे काम करताना पाहिले, त्यांच्या कॅसेटी ऐंशीच्या दशकात न्हाव्यांच्या दुकानांत आणि भाड्याच्या मोटारींत वाजत असत. आता ते बसच्या आगारात नोकरी करतात, आणि जुने स्नेही आग्रह करतात म्हणून अधूनमधून एखादी कॅसेट भरून देतात. खोली अरुंद, भिंतीला लागून छतापर्यंत तबकड्या, मध्ये उंच मेजावर टेक्निक्स एसएल-१२०० जातीची दोन टर्नटेबले, त्यांच्यामध्ये मिक्सर आणि मिक्सरच्या वर कॅसेट भरण्याचे यंत्र. हे टर्नटेबल मात्सुशिता कंपनीने १९७२ साली बाजारात आणले ते घरी निवांत बसून संगीत ऐकणाऱ्यांसाठी. पण त्याची मोटर रबरी पट्ट्याच्या मध्यस्थीवाचून थेट चक्र फिरवते, त्यामुळे वरची तबकडी बोटाने अडवली तरी खालचे चक्र बिनतक्रार फिरत राहते, आणि बोट उचलताच तबकडी तत्काळ आपल्या गतीला येते. चक्र आणि तबकडी यांच्यामध्ये फेल्टची एक पातळ, गुळगुळीत चकती असते. तिच्यावाचून पुढचे काहीच शक्य झाले नसते.

त्यांनी हेडफोनची एक वाटी डाव्या कानाशी खांद्याने दाबून धरली. उजवा कान खोलीतल्या कर्ण्यांसाठी मोकळा ठेवला. उजवीकडची तबकडी खोलीला ऐकू येत होती. डावीकडची केवळ त्यांना. डावीचा हवा तो ठोका सापडेपर्यंत त्यांनी ती बोटांच्या टोकांनी किंचित पुढे, किंचित मागे अशी हलवली, गतीची पट्टी केसभर वर सरकवली, आणि उजवीचे आवर्तन संपून समेवर येताच बोट उचलून मिक्सरवरची आडवी पट्टी, जिला क्रॉसफेडर म्हणतात, डावीकडे लोटली. गाणे बदलले होते. ठेका मात्र जणू काहीच घडले नाही अशा रीतीने चालू होता. मग तोच तुकडा त्यांना पुन्हा हवा होता. दुसऱ्या टर्नटेबलावर त्यांनी तोवर त्याच गाण्याची दुसरी प्रत लावली होती. एक वाजत असता दुसरी उलटी फिरवून तुकड्याच्या आरंभाशी आणायची, आणि पहिली संपताच ती सोडायची. तीन-चार सेकंदांचा ढोलाचा तुकडा अशा रीतीने त्यांनी तीन-चार मिनिटे वाजवत ठेवला, आणि त्या अवधीत त्यांचा चेहरा हिशेब तपासणाऱ्या कारकुनाचा असावा तसा निर्विकार होता.

हिशेब तो होताच. मिनिटास ३३⅓ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला एका फेरीस १.८ सेकंद लागतात. मिनिटास १०० ठोक्यांची चाल असेल तर चार-चार ठोक्यांची दोन आवर्तने ४.८ सेकंदांत संपतात. म्हणजे तेवढा तुकडा पुन्हा पकडायचा तर तबकडी दोन पूर्ण फेऱ्या आणि वर दोन-तृतीयांश फेरी मागे न्यावी लागते. हे गणित करायला कोणी पाटी-पेन्सिल घेत नाही. तबकडीच्या मधल्या कागदी चकतीवर खडूने वा चिकटपट्टीने केलेली एक खूण असते, आणि ती घड्याळाच्या काट्यासारखी वाचली जाते.

या युक्तीचा पूर्वेतिहास त्याच शहरातील ब्राँक्समध्ये आहे. जमैकातून १९६७ साली तेथे आलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेलने, ज्याला पुढे सारे जग कूल हर्क या नावाने ओळखू लागले, ११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२०, सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीच्या करमणुकीच्या खोलीत तबकड्या वाजवल्या. बहिणीला, सिंडीला, शाळेच्या नव्या वर्षासाठी कपडे घ्यायचे होते म्हणून हा मेळावा. मुलींना प्रवेश २५ सेंट, मुलांना ५०. हर्कचे खरे श्रेय, माझ्या मते, वाजवण्यात नाही, पाहण्यात आहे. नाचणारी मुले गाण्याच्या बहुतेक भागात भिंतीशी उभी राहून वाट पाहत असतात, आणि गायन थांबून नुसता ढोल उरतो त्या थोडक्या अवधीत, म्हणजे ब्रेकमध्ये, एकदम मैदानात उतरतात, हे त्याच्या नजरेत भरले. आणि मग बाकीचे गाणे हवेच कशाला, असा सरळ प्रश्न त्याने स्वतःला विचारला. जेम्स ब्राउनची किंवा इन्क्रेडिबल बाँगो बँडची एकच तबकडी दोन प्रतींत घेऊन तो ब्रेकमागून ब्रेक जोडू लागला.

हर्कचे सांधे मात्र ओबडधोबड असत. ते बुजवले ते बार्बेडोसमध्ये जन्मलेल्या जोसेफ सॅडलरने, अर्थात ग्रँडमास्टर फ्लॅशने. व्यावसायिक शाळेत विद्युत्-उपकरणांचे शिक्षण घेतलेल्या या मुलाने दुसरी तबकडी लोकांना ऐकू जाण्यापूर्वी आपल्याला हेडफोनमधून ऐकता यावी अशी तजवीज करून घेतली, खुणांची घड्याळपद्धत रूढ केली, आणि सभ्य घरांत जो अक्षम्य अपराध मानला जाई, म्हणजे तबकडीच्या खाचांवर बोटे टेकवणे, तो निर्धास्तपणे केला. त्याच्याच वर्तुळातला थिओडोर नावाचा मुलगा खोलीत सराव करीत असता आई दारात येऊन आवाजाविषयी बोलू लागली, तेव्हा त्याने तबकडी हाताने थोपवून पुढेमागे हलवत ठेवली, आणि हेडफोनमध्ये उमटलेल्या खरखरीने त्याचे लक्ष वेधून घेतले. स्क्रॅच या प्रकाराची जन्मकथा तो स्वतः अशी सांगतो.

आता फितीकडे वळतो; कारण मेळावा पहाटे संपतो, आणि संपला की त्यातले काहीच उरत नाही. ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी १९७९ साली निघेपर्यंत ब्राँक्समधल्या या साऱ्या उद्योगाचे दफ्तर होते ते केवळ कॅसेटींत. मिक्सरमधून एक तार काढून कोणी तरी मेळावा भरून घेई, त्या कॅसेटीची नक्कल, नकलेची नक्कल असे करीत ती खांद्यावरच्या मोठ्या टेपरेकॉर्डरांतून वस्तीभर पसरे, आणि प्रत्येक नकलेगणिक वरचे सूर थोडे झिजून त्यांच्या जागी फितीची सरसर वाढे. ती पहिली लोकप्रिय तबकडीसुद्धा कॅसेटीचीच ऋणी आहे: न्यू जर्सीत पिझ्झाच्या दुकानात काम करता करता रॅपर ग्रँडमास्टर कॅझच्या कॅसेटीबरोबर शब्द म्हणणारा हँक निर्मातीच्या कानी पडला, आणि कॅझच्या ओळी हँकच्या तोंडून जगभर गेल्या. कॅझला त्यांचे ना नाव मिळाले, ना दाम.

हार्लेमच्या त्या खोलीत ९० मिनिटांची कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी गृहस्थांनी तिच्या दातेरी चाकात पेन्सिल घालून फीत थोडी पुढे घेतली, कारण आरंभीच्या काही सेकंदांच्या पट्टीवर चुंबकीय लेप नसतो आणि तेथे वाजवलेला पहिला ठोका हकनाक वाया जातो. ४५ मिनिटांची एक बाजू म्हणजे सेकंदास ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकणारी सुमारे १३० मीटर फीत. आणि ती एका दमात भरायची असते. चाळिसाव्या मिनिटास हात चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणूनच बाजूचा आराखडा आधी ठरतो: आरंभी सर्वांच्या ओळखीचे काही तरी, मध्ये कोणीही न ऐकलेले, आणि शेवट असा की श्रोत्याने कॅसेट उलटावी. भरून झाल्यावर कॅसेटीच्या पाठीवरची प्लॅस्टिकची दोन बारकी पाने त्यांनी पेचकसाने मोडून टाकली, जेणेकरून तिच्यावर दुसरे काही भरले जाऊ नये. ज्यांच्याजवळ टर्नटेबलेही नसत ती मुले हेच काम कॅसेटयंत्राच्या ‘पॉज’च्या कळीवर करीत, ब्रेक भरायचा, कळ दाबून थांबवायचे, मूळ गाणे मागे न्यायचे, आणि नेमक्या ठोक्यावर कळ सोडायची.

आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात गाण्यांची यादी घेऊन कोरी कॅसेट भरून देणारी दुकाने गल्लोगल्ली होती, आणि माझ्या पिढीतील पुष्कळांची नाट्यसंगीताशी वा जुन्या चित्रपटगीतांशी गाठ त्याच दुकानांनी घालून दिली. परंतु तेथला दुकानदार यादीबरहुकूम चाले. हार्लेमचा डीजे यादी मागतच नसे. त्याची निवड हीच विकत मिळणारी वस्तू. रूफटॉप या क्लबात वाजवणारा ब्रूसी बी, आणि त्यामागोमाग किड कॅप्री यांच्या कॅसेटी लोक गाण्यांसाठी घेत नसत, त्यांच्या हातासाठी घेत. नव्वदच्या दशकात क्वीन्समधील डीजे क्लूने या व्यापाराचा पाया बदलला: सफाईदार सांध्यांपेक्षा अद्याप प्रसिद्ध न झालेले गाणे सर्वांआधी मिळवणे हे महत्त्वाचे ठरले, आणि त्या गाण्यावर कोणी दुसऱ्याने हक्क सांगू नये म्हणून मध्येच आपले नाव ओरडण्याची वहिवाट बळावली. मला ती ओरड कधीच रुचली नाही. तिचा उपयोग मात्र नाकारता येत नाही. कंपनीने काढून टाकलेला फिफ्टी सेंट २००२ साली अशाच फितींच्या, म्हणजे मिक्सटेपांच्या, बळावर पुन्हा बाजारात उभा राहिला, आणि पुढील वर्षी त्याच्या अधिकृत तबकडीच्या ८,७२,००० प्रती पहिल्याच आठवड्यात खपल्या.

येथेच कायद्याची अडचण उभी राहते. दुसऱ्याच्या संगीतावर उभी असलेली ही वस्तू कोणाच्या मालकीची? तबकडी कंपन्या एका हाताने डीजेकडे गाणी गुपचूप पोचवत आणि दुसऱ्या हाताने फिर्याद करीत. १६ जानेवारी २००७ रोजी अटलांटात मिक्सटेपा काढणाऱ्या डीजे ड्रामाच्या कचेरीवर पोलिसांची धाड पडली, तेव्हा कंपन्यांच्या संघटनेचे लोक मदतीस होते. कॅसेटीची जागा तोवर सीडीने घेतली होती; सुमारे ८१,००० सीडी मुद्देमाल म्हणून जप्त झाल्या, आणि आरोप ठेवला गेला तो संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याच ड्रामाची अधिकृत तबकडी एका बड्या कंपनीने काढली. या विसंगतीवर भाष्य करण्याची आवश्यकता नाही. मात्र मालकीचा प्रश्न खोटा नव्हता, हे आपल्याला निराळ्या मार्गाने ठाऊक आहे. २००२ साली डीजे क्विकने ट्रूथ हर्ट्स या गायिकेसाठी रचलेल्या ‘अॅडिक्टिव्ह’मध्ये ‘ज्योती’ या १९८१ च्या चित्रपटातील लता मंगेशकरांचा आवाज आहे. क्विकच्या कानाने तो आवाज वेचला हे त्याच्या रसिकतेचे लक्षण खरे. पण संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव वेष्टनावर नव्हते, आणि ते दिल्यावाचून पुढील विक्री करू नये असा हुकूम लॉस एंजलीसच्या न्यायालयाला द्यावा लागला. कॅझची कैफियत मात्र कोणत्याच न्यायालयापुढे गेली नाही.

या साऱ्यांत मला सर्वांत अधिक विचार करायला लावतो तो ह्यूस्टनचा रॉबर्ट अर्ल डेव्हिस, अर्थात डीजे स्क्रू. न्यूयॉर्कचे डीजे वेगाच्या मागे असता याने गती उतरवली. एकाच गाण्याच्या दोन प्रती एका ठोक्याच्या अंतराने लावून तो क्रॉसफेडरने शब्द तोडी, तोच शब्द दुसऱ्या प्रतीतून पुन्हा ऐकवी, आणि झालेले सारे मिश्रण चार पट्ट्यांच्या रेकॉर्डरमधून जाताना इतके मंद करी की आवाज विहिरीच्या तळातून यावेत तसे जड आणि खर्जातले होत. गाडीवाचून जेथे जगता येत नाही अशा त्या पसरट, उष्ण शहरात लांबच्या रस्त्यांवर मोटारीत ऐकण्यासाठी ही चाल निर्माण झाली असावी, असे ती ऐकताना सहज वाटते. आणि आश्चर्य म्हणजे मंद झाल्यावर रॅपरचे शब्द अधिक स्पष्ट कळतात. राखाडी रंगाच्या १०० मिनिटांच्या कॅसेटींवर तो हे भरून देई. संध्याकाळी त्याच्या घरापुढे गिऱ्हाइकांच्या मोटारींची एवढी रांग लागे की तेथे अमली पदार्थ विकले जात असावेत असा संशय घेतला जाई. पुढे १९९८ साली त्याने दुकान काढले, आणि त्यात आपल्या टेपांखेरीज दुसरे संगीत ठेवले नाही. नोव्हेंबर २००० मध्ये, तिशीही गाठण्यापूर्वी, तो वारला.

त्याच्या तबकड्या आज ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत, आणि संशोधकाला त्या रीतसर अर्ज करून पाहता येतात. पण त्या तबकड्या इतरत्रही मिळतील. स्क्रूचे काम ज्या टेपांत आहे त्यांतल्या कित्येक मागणीवरून, मित्रांसाठी भरलेल्या. एखाद्याच्या वाढदिवसाला चारपाच मित्र जमत, स्क्रू ठेका धरून ठेवी, आणि त्यावर ते आळीपाळीने सुचेल ते म्हणत. १९९६ च्या २७ जूनला असाच एक वाढदिवस झाला, आणि त्या टेपेवरील एकच गाणे अर्ध्या तासाहून अधिक चालते. ह्यूस्टनमध्ये आजही २७ जून उजाडला की लोक ते लावतात, पुष्कळदा मोटारीतच, आणि ते पुरते ऐकायचे असेल तर शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे लागते.