घरच्या घरीं ध्वनिमुद्रण : दोषांचा शोध व कांहीं चांगल्या संवयी

सन १८७७ सालीं एडिसननें कथलाच्या वर्खावर आपला आवाज उमटविला व तो पुन्हां ऐकविला, तेव्हांपासून बोललेला शब्द हवेंत विरून जाण्याचें बंधन सुटलें. आपल्या देशांत सर जॉर्ज ग्रिअर्सन यांनीं भाषांची जी मोठी पाहणी केली, तींत प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून उधळ्या पुत्राच्या दाखल्याचें भाषांतर मागविलें होतें. आणि त्या पाहणीस जोडून पुढें ज्या तबकड्या निघाल्या, त्यांतील पुष्कळांवर हाच दाखला त्या त्या बोलींतील माणसांच्या मुखानें बोलविलेला आहे. महाराष्ट्रांत हेमा रायरकर व गी पॉइटेविन यांच्या प्रयत्नानें खेड्यांतील बायांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या व त्यांपैकीं कित्येक त्या बायांच्याच गळ्यांतून मुद्रित झाल्या. हीं कामें विद्वानांनीं मोठ्या खटपटीनें केलीं. आज तेंच साधन आमच्या विद्यार्थ्यांच्या घरांत मेजावर पडून आहे. नाताळचीं गीतें, कथाकथनाच्या स्पर्धा, आजीआजोबांच्या आठवणी, या सर्वांचें मुद्रण मुलें घरींच करूं लागलीं आहेत, आणि त्यांतील निम्म्या तक्रारी आमच्याकडे येतात. म्हणून हा लेख.

संगणकावर ध्वनिमुद्रण करण्यासाठीं अनेक सॉफ्टवेअर मिळतात. आमच्या शाळेंतील मुलें बहुधा ‘ऑडॅसिटी’ वापरतात. कार्नेगी मेलन विद्यापीठांत डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनीं १९९९ मध्यें त्याचा आरंभ केला व २००० सालीं तें लोकांच्या हातीं आलें. तें विनामूल्य आहे, म्हणून पालकांनीं खर्चाची धास्ती बाळगूं नये. खालील बहुतेक गोष्टी मात्र कोणत्याहि सॉफ्टवेअरास सारख्याच लागू पडतात.

आवाजाचे अंक कसे होतात, हें थोडक्यांत समजून घेतलें पाहिजे. नाहीं तर पुढील दोषांचीं कारणें कळणार नाहींत. मायक्रोफोनाच्या पडद्यावर हवेच्या लाटा आदळतात व त्यांप्रमाणें विजेचा दाब कमीजास्त होतो. संगणक हा दाब एका सेकंदांत ४४,१०० वेळां किंवा ४८,००० वेळां मोजतो व प्रत्येक मापाचा एक अंक लिहून ठेवतो. साध्या सोळा-बिट पद्धतींत या अंकाला ६५,५३६ पायऱ्या असतात. सर्वांत वरच्या पायरीच्यापलीकडे लिहिण्यास जागाच नाहीं. ही शेवटची गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आतां दोषांकडे वळूं. सर्वांत सामान्य तक्रार अशी कीं, बटण दाबलें, रेघ सरकत आहे, पण आवाज मुळींच उमटत नाहीं. अशा वेळीं मुलें सॉफ्टवेअर काढून पुन्हां घालतात, दहा खुणा दाबून पाहतात, आणि मूळचा एक दोष होता त्याचे चार करून ठेवतात. शेतकऱ्याच्या शेवटच्या वाफ्यांत पाणी पोंचलें नाहीं तर तो वाफा खणीत बसत नाहीं. विहिरीपासून पाटाच्या कडेकडेनें चालत येतो व पाट कोठें फुटला तें पाहतो. आवाजाचाहि पाट असाच आहे. तोंड, मायक्रोफोन, तार, खोबण, संगणकाची आवाजविषयक व्यवस्था, मग सॉफ्टवेअर आणि शेवटीं फाईल. या क्रमानेंच चालावें. मायक्रोफोनावर त्याचें स्वतःचें बटण आहे काय व तें चालू आहे काय? तार पुरती आंत बसली आहे काय? मोबाईलच्या हेडफोनाच्या टोंकावर बहुधा चार पट्टे असतात. तें टोंक जुन्या संगणकाच्या केवळ मायक्रोफोनासाठीं केलेल्या तीन पट्ट्यांच्या खोबणींत घातल्यास बहुधा कांहींच उमटत नाहीं. कंडेन्सर जातीच्या कित्येक मायक्रोफोनांस ४८ व्होल्टची वीज बाहेरून पुरवावी लागते, व त्यासाठीं जोडयंत्रावर निराळें बटण असतें. हें सर्व ठीक असेल तर संगणकाच्या गोपनीयतेच्या व्यवस्थेंत पाहावें. हल्लींचे संगणक परवानगीवांचून कोणत्याहि सॉफ्टवेअरास मायक्रोफोन वापरूं देत नाहींत. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलून दोष गेला तर तो कशानें गेला हें कळत नाहीं, आणि पुढच्या आठवड्यांत तो परत आला म्हणजे आपण जेथें होतों तेथेंच.

याच्या उलट दुसरा दोष फार फसवा आहे. आवाज उमटतो, मापकाचा कांटा हलतो, परंतु उमटतो तो भलत्याच मायक्रोफोनांतून. लॅपटॉपच्या अंगांत एक लहानसा मायक्रोफोन असतोच. बाहेरचा जोडला तरी सॉफ्टवेअरांत तो निवडला नसेल तर आंतलाच चालू राहतो, व त्याला गाणाऱ्यापेक्षां संगणकाचा पंखाच जवळचा असतो. आमच्या परिचयाच्या एका मुलीनें दिवाळीच्या सुटींत आपल्या पणजीकडून जुनीं भजनें व दुष्काळाच्या दिवसांच्या गोष्टी दोन तास बोलवून घेतल्या. चांगला मायक्रोफोन मुद्दाम मागून आणलेला होता. ध्वनिमुद्रण ऐकलें तें थेट फेब्रुवारींत, आणि त्या दोन तासांवर पंख्याची घरघर व तिच्या आड दूर कोठेंतरी म्हातारीचा स्वर एवढेंच होतें. पणजी जानेवारींतच प्रभूकडे गेली होती. त्या मुलीनें हयगय केली असें आम्ही म्हणत नाहीं. तिला कोणी सांगितलेंच नव्हतें. परीक्षा सोपी आहे. मुद्रण चालू करून जोडलेल्या मायक्रोफोनाच्या जाळीवर नखानें हळूच खाजवावें. खरखर मोठ्यानें उमटली तर तोच मायक्रोफोन चालू आहे. नाहीं तर दुसरा. मग वीस सेकंद बोलून, थांबून, तें हेडफोनावर ऐकावें, आणि त्यानंतरच वडील माणसास बोलावयास बसवावें. उठण्यापूर्वींहि मधला व शेवटचा भाग ऐकावा. यास पांच मिनिटें लागतात.

आवाज फाटणें हा तिसरा दोष. वर सांगितलेली शेवटची पायरी येथें आडवी येते. स्वर तिच्यावर गेला कीं लाटेचा माथा सपाट कापला जातो व ऐकतांना तो भाग करकरीत लागतो. कापलेला माथा कोठेंच लिहिलेला नसतो. म्हणून मागाहून आवाज कमी केल्यानें तो परत येत नाहीं. दुरुस्तीचीं साधनें आहेत, पण तीं अंदाजानें माथा रचतात. यास्तव मापक असा लावावा कीं सर्वांत जोराच्या ठिकाणींहि तो उणे बारा ते उणे सहा डेसिबल यांच्या दरम्यान राहील. गाणारा तालमींत नेहमीं हळू गातो व खऱ्या वेळीं चढतो, हें आम्ही गायनाच्या प्रत्येक स्पर्धेंत पाहतों. म्हणून चांचणी घेतांना गीताची सर्वांत उंच ओळच गाऊन घ्यावी. आवाज थोडा लहान उमटला तर मागाहून वाढवितां येतो.

परंतु चांगलें मुद्रण खरें पाहतां खोलींत ठरतें. पैसे खर्च करावयाचे तर आधीं गोधड्यांवर करावे, मायक्रोफोनावर नंतर, असें आमचें मत आहे. आणि गोधड्या तर घरींच असतात. उघड्या भिंती व शहाबादी फरशी यांवरून आवाज परतून येतो व बोलणारा विहिरींत उभा असल्यासारखा ऐकूं येतो. बोलणाऱ्याच्या मागें व दोहों बाजूंस दोरीवर गोधड्या टांगाव्या. कपड्यांचें उघडें कपाटहि चांगलें काम देतें. छताचा पंखा बंद करावा, फ्रीज जवळच्या खोलींत असेल तर त्याचा आवाज ऐकून पाहावा, आणि पत्र्याच्या घरांत पावसाच्या दिवशीं मुद्रणाचा नादच सोडावा. मायक्रोफोन तोंडापासून एक वीतभर असावा. अंतर निम्मे केलें तर मुखांतून येणारा आवाज सुमारें सहा डेसिबलनें वाढतो व खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो. म्हणजे जवळ येण्यानें खोली दूर जाते. मात्र फार जवळ गेलें कीं आपल्या भाषेंतील प, फ, ब, भ हीं अक्षरें त्रास देतात. ओठांतून सुटलेला वारा पडद्यावर आदळून ‘धप्प’ असा ठोका उमटतो. मायक्रोफोन तोंडासमोर न धरतां किंचित् बाजूस धरावा, अथवा भरतकामाच्या गोल चौकटीवर पातळ मोजाचें कापड ताणून तें मध्यें उभें करावें. बाजारांत याच कामाची जाळी विकत मिळते; तिचें काम यापेक्षां फारसें निराळें नाहीं.

अखंड गुणगुण ऐकूं येत असेल तर ती बहुधा विजेची असते. आपल्या देशांत घरांतील विजेची आंदोलनें सेकंदास ५० असतात, व ती गुणगुण ५० आणि तिच्या पटींच्या, म्हणजे १००, १५० अशा कंपनांची असते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावें. गुणगुण गेली तर वाट सांपडली. मायक्रोफोनाची तार विजेच्या तारांपासून दूर न्यावी. कित्येक लोक गुणगुण घालविण्यासाठीं तीन पिनांच्या प्लगाची जमिनीशीं जोडणारी पिन काढून टाकतात. हें कोणींहि, कोणत्याहि कारणास्तव करूं नये. ती पिन माणसाच्या जिवासाठीं आहे.

गोंगाट पुसण्याच्या साधनाविषयीं दोन शब्द. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभीं पांच-दहा सेकंद सर्वांनीं स्तब्ध राहावें व रिकाम्या खोलीचा आवाज उमटूं द्यावा. सॉफ्टवेअरास तेवढा तुकडा दाखविला कीं तें गोंगाटाचें स्वरूप जाणतें व इतर भागांतून तो वजा करतें. पण याचा मोह वाईट. अति पुसलें कीं मनुष्य पाण्याखालून बोलत आहे असें वाटूं लागतें. शिवाय संगणकांतच संभाषणासाठीं गोंगाट दडपण्याची एक योजना पुष्कळदां आपोआप चालू असते. तिला सतत टिकणारा कोणताहि स्वर गोंगाटच वाटतो. हार्मोनियमचा लांबविलेला सूर किंवा तंबोरा मध्येंच गळून जातो तो बहुधा हिच्यामुळें. संगीत मुद्रित करतांना ती बंद करावी.

आधीं पेटी वाजवून मुद्रित केली, मग ती हेडफोनावर ऐकत गीत गाइलें, आणि दोन्ही जुळवून ऐकतांना गाणारा मागें पडलेला दिसतो, ही तक्रार नाताळच्या सुमारास हमखास येते. यांत गाणाऱ्याच्या तालाचा दोष नसतो. संगणक अंक एकेक न पाठवितां गठ्ठ्यांनीं पाठवितो. १,०२४ अंकांचा गठ्ठा असेल तर सेकंदास ४४,१०० या हिशेबानें २३ सहस्रांश सेकंद त्यांतच जातात. तेवढ्या वेळांत हवेंतून आवाज सुमारें आठ मीटर जातो. म्हणजे पेटीवाला सभागृहाच्या दुसऱ्या टोंकास बसविल्यासारखें झालें. बिनतारी हेडफोनांत तर हा विलंब पुष्कळच वाढतो, म्हणून या कामीं तारेचाच हेडफोन घ्यावा. विलंब सर्वत्र सारखाच असल्यामुळें उपाय अवघड नाहीं. आरंभीं पेटीच्या पट्टींत एक टाळी वाजवून ठेवावी, गातांना तीच टाळी ऐकून तिजवर टाळी वाजवावी, व नंतर दोन टाळ्या एकाखालीं एक येईपर्यंत गीताची पट्टी मागें सरकवावी. हेडफोन मात्र हवाच. उघड्या स्पीकरावर पेटी लावली तर ती गाण्याच्या मुद्रणांत दुसऱ्यांदा शिरते.

स्वर उतरल्याची तक्रार क्वचित् येते, पण आली म्हणजे घरदार चक्रावतें. एका यंत्रानें सेकंदास ४८,००० मापें लिहिलीं व दुसऱ्यानें तीं ४४,१०० समजून वाचलीं, तर चार मिनिटांचें गीत सुमारें चार मिनिटें एकवीस सेकंद चालतें व स्वर जवळजवळ दीड अर्धस्वरानें खालीं येतो. मुलाचा आवाज फुटला कीं काय अशी शंका घेण्यापूर्वीं पालकांनीं हा आंकडा दोन्हीकडे एकच आहे काय तें पाहावें.

आतां जतन करण्याचें. एकेरी आवाजाची न दाबलेली सोळा-बिट फाईल सेकंदास ८८,२०० बाईट घेते, म्हणजे तासास सुमारें ३२ कोटी. ही कांहीं हल्लीं मोठी जागा नव्हे. म्हणून मूळ प्रत ‘वेव्ह’ प्रकारांतच ठेवावी. ‘एमपी३’ प्रकारांत आवाजाचा कांहीं अंश कायमचा टाकून फाईल लहान केलेली असते. ती मित्रांस पाठविण्यास ठीक, पण तीच पुन्हां उघडून, कापून, पुन्हां त्याच प्रकारांत ठेवीत गेल्यास दर खेपेस आणखी अंश जातो. ऑडॅसिटीच्या २०२१ पूर्वींच्या आवृत्तींत कामाची एक लहान फाईल व तिच्या शेजारीं ध्वनीचा निराळा फोल्डर असे. पुष्कळांनीं केवळ लहान फाईल दुसरीकडे नेली व ध्वनि मागेंच राहिला. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून दोन्ही एकाच फाईलींत असतात. ज्यांच्या घरीं जुनें काम पडून आहे, त्यांनीं तो फोल्डर सांपडतो काय हें आजच पाहावें व सांपडल्यास त्यांतील मुद्रण ‘वेव्ह’ करून ठेवावें.

वडील माणसांचें मुद्रण करण्यापूर्वीं त्यांस विचारावें, व तें कोणाकोणास ऐकविलें जाईल हेंहि सांगावें. आरंभीं बोलणाऱ्याचें नांव, गांव व तारीख मुलानें स्वतःच्या तोंडानें उच्चारावी; कागद हरवतो, पण हा मजकूर आवाजाबरोबरच राहतो. फाईलीच्या नांवांत साल आधीं, मग महिना, मग दिवस घालावा, म्हणजे यादी आपोआप कालक्रमानें लागते. ‘नवीन १’, ‘नवीन २’, ‘शेवटचें’, ‘अगदीं शेवटचें’ अशीं नांवें आम्हीं विद्यार्थ्यांच्या संगणकांवर पुष्कळ पाहिलीं आहेत. प्रती तीन असाव्या: एक संगणकांत, एक निराळ्या डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या घरीं, मामाकडे किंवा काकाकडे. आणि वर्षांतून एकदां, नाताळच्या सुटींत म्हणा, तिन्ही प्रती उघडून वाजतात काय तें ऐकून पाहावें. जी वाजत नसेल ती उरलेल्या दोहोंवरून त्याच दिवशीं नवी करून घ्यावी.