हेलिकॉप्टरचे इंधन रस्त्याने येते. उन्हाळ्यात धोका का वाढतो?

वारंगा फाटा (जि. हिंगोली) : नागपूर-तुळजापूर आणि अकोला-नांदेड हे राष्ट्रीय महामार्ग वारंगा फाट्यावर एकत्र येतात. इथून जाणाऱ्या टँकरमध्ये पेट्रोल-डिझेलच असते असे आपण धरून चालतो. पण लहान विमानतळ आणि हेलिपॅडवरचे इंधनही टँकर किंवा बॅरलमधून रस्त्यानेच पोहोचते.

टँकरमध्ये काय आहे, कसे ओळखाल?
टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे माहितीफलक असतो. त्यावरचा चार आकडी क्रमांक पाहा. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल आणि १८६३ म्हणजे विमानाचे इंधन, एटीएफ. अपघाताची खबर देताना हा क्रमांक सांगितल्यास अग्निशमन दलाला त्यानुसार तयारी करता येते.

सगळ्या विमानांचे इंधन एकच असते का?
नाही. जेट विमाने आणि बहुतेक हेलिकॉप्टरना रॉकेलच्या जातीचे एटीएफ लागते. पिस्टन इंजिनच्या छोट्या विमानांना पेट्रोलच्या जातीचे अ‍ॅव्हगॅस लागते. ते चटकन ओळखता यावे म्हणून त्याला निळा रंग देतात. चुकीचे इंधन भरले, तर उड्डाणानंतर इंजिन बंद पडू शकते.

उन्हाळ्यात काय बदलते?
इंधनाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, त्या किमान तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या खूप खाली असतो. एटीएफचा किमान ३८ अंश असतो, म्हणून हिवाळ्यात ते तुलनेने सुरक्षित. पण मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. उन्हात तापलेल्या बॅरलमधले एटीएफही मग ठिणगीने पेटू शकते.

इंधन भरताना काय काळजी घेतात?
नळीतून वाहताना इंधनात स्थिर वीज तयार होते. त्यामुळे आधी टँकर आणि हेलिकॉप्टर तारेने जोडतात, मगच नोझल लावतात. इंधनात पाणी नाही ना, हे नमुना काढून तपासतात. झाकणावर पावसाचे पाणी साचून आत झिरपू नये म्हणून बॅरल आडवे ठेवतात.

कायदा काय सांगतो?
पेट्रोलियम कायदा १९३४ चा आहे. परवाने देणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल विनापरवाना ३० लिटरपर्यंतच ठेवता येते. काचेची बाटली एक लिटरपेक्षा मोठी चालत नाही. फवारणी पंपासाठी पेट्रोल नेणाऱ्या शेतकऱ्यांनाही हा नियम लागू आहे. कॅन गाडीवर ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवा.

टँकर उलटला तर?
• सांडलेले इंधन गोळा करायला जाऊ नका. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानातील बहावलपूरजवळ उलटलेल्या टँकरमधले पेट्रोल भरून घ्यायला गर्दी झाली. आग भडकून २०० हून अधिक जणांचा जीव गेला.
• वाऱ्याच्या उलट्या बाजूला, लांब थांबा. बिडी-सिगारेट पेटवू नका, गाडी सुरू करू नका.
• पेटलेल्या इंधनावर पाणी मारू नका. इंधन पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. त्यासाठी फोम लागतो.
• सुरक्षित अंतरावर गेल्यावर ११२ ला फोन करा. फलकावरचा क्रमांक लांबूनच दिसत असेल तर तोही सांगा; वाचण्यासाठी जवळ जाऊ नका.