विष्णुपूर : लाल मातीतले वृंदावन

पश्चिम बंगालच्या बांकुडा जिल्ह्यातील विष्णुपूर ही मल्ल राजांची जुनी राजधानी असून, भाजलेल्या मातीच्या शिल्पांनी मढवलेली तेथील देवळे बंगालच्या वास्तुकलेचा कळस मानली जातात. हावड्याहून रेल्वेने सुमारे २०० किलोमीटरवर, गंगेच्या गाळाची सपाट जमीन संपून छोटानागपूरच्या पठाराची चढण जिथे जाणवू लागते, त्या सीमेवर हे गाव वसले आहे. येथे भातखाचरांच्या काळ्या चिखलाची जागा तांबडी, खडकाळ माती घेते, सालवृक्षांची राने दिसू लागतात आणि जमिनीखाली जो सच्छिद्र लाल दगड लागतो, तो कोकणातल्या माणसाला ओळखीचा जांभाच असतो. स्थानिक बोलीत त्याला ‘माकडा पाथर’ म्हणतात. वीट आणि जांभा या दोन जिनसांतून विष्णुपूरची सारी देवळे उभी राहिली. संगमरवर किंवा काळा पाषाण येथे नव्हता, आणि त्याची उणीव कोठेही भासत नाही.

मल्लांच्या परंपरेनुसार आदिमल्ल हा वंशाचा मूळ पुरुष, आणि त्याच्या राज्यारंभापासून, म्हणजे इ. स. ६९४ पासून, ‘मल्लाब्द’ हा त्यांचा स्वतंत्र शक मोजला जातो. देवळांच्या भिंतींत बसवलेल्या शिलालेखांत हाच शक वापरला असल्याने त्यांची कालगणना सोपी होते: श्यामरायाच्या देवळावर ९४९ म्हणजे १६४३, जोडबंगल्यावर ९६१ म्हणजे १६५५ आणि मदनमोहनाच्या देवळावर १००० म्हणजे १६९४. ज्या घराण्याने आपला शक शेकडो वर्षे जपला आणि बादशाही सत्तेच्या छायेतही तो दगडावर कोरला, त्याच्या स्वाभिमानाची कल्पना या आकड्यांवरून येते.

या घराण्याला कलाटणी मिळाली ती अकबराचा समकालीन असलेल्या वीर हंबीर राजाच्या काळात. वृंदावनाहून श्रीनिवास आचार्य हे वैष्णव ग्रंथांच्या पोथ्या बैलगाडीतून बंगालकडे आणत असता, पेट्यांत धन असावे अशा समजुतीने राजाच्याच माणसांनी त्या लुटल्या. पोथ्यांच्या शोधात आचार्य दरबारात पोहोचले, त्यांचे भागवत-निरूपण ऐकून राजाला पश्चात्ताप झाला आणि त्याने त्यांचे शिष्यत्व पत्करले, अशी कथा वैष्णव ग्रंथांतून सांगितली जाते. कथेचा तपशील कसाही असो, परिणाम मात्र डोळ्यांसमोर उभा आहे. चैतन्य महाप्रभूंच्या भक्तिपंथात, म्हणजे गौडीय वैष्णव संप्रदायात, आल्यावर मल्लांनी सुमारे दीडशे वर्षे मुख्यतः राधाकृष्णाची देवळे बांधली आणि आपल्या राजधानीला वृंदावनाचे रूप दिले. गावाभोवती पाणी अडवून मोठे तलाव तयार केले, त्यांना यमुना, कालिंदी, कृष्ण, श्याम अशी नावे दिली. विष्णुपुराला ‘गुप्त वृंदावन’ असे बिरुदही मिळाले. मराठीत ‘बांध’ म्हणजे पाणी अडवणारी भिंत, तर येथे तलावालाच ‘बांध’ म्हणतात: लालबांध, कृष्णबांध, पोकाबांध. किल्ल्याच्या खंदकाला पाणी पुरवणे आणि उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या या प्रदेशाची तहान भागवणे ही त्यांची व्यवहारी कामे होतीच, पण नावे ठेवताना राजांच्या मनात ब्रजभूमी होती. म्हणून विष्णुपूर पाहायचे ते सुटी सुटी देवळे मोजत पाहू नये. तलाव, तट, देवळे आणि उत्सव मिळून ही एकच रचना आहे.

त्या रचनेच्या केंद्रस्थानी रासमंच आहे. वीर हंबीराने १६०० च्या सुमारास बांधलेली ही वास्तू रूढ अर्थाने देऊळ नव्हे, कारण तिच्यात कायमची मूर्ती कधी नव्हती. कार्तिकी पौर्णिमेच्या रासोत्सवात गावातील सगळ्या देवळांतील राधाकृष्णाच्या मूर्ती येथे आणून मांडल्या जात, आणि ही प्रथा १९३२ पर्यंत चालू होती. जांभ्याच्या उंच, चौरस जोत्यावर विटांचे पायऱ्यापायऱ्यांचे शिखर चढत जाते, जोत्याची बाजू सुमारे २४.५ मीटर आणि वास्तूची उंची १२.५ मीटर आहे. शिखराखाली एकात एक अशा तीन ओवऱ्या गाभाऱ्याला वळसा घालतात, आणि आतून बाहेर येताना प्रत्येक बाजूच्या कमानी पाच, आठ, दहा अशा वाढत जातात. शिखराच्या पायथ्याशी वाकलेल्या छपरांच्या छोट्या झोपड्यांची माळ ओवली आहे. बाहेरच्या ओवरीत उभे राहिले की कमानीतून कमान, तिच्यातून पुढची कमान दिसत जाते आणि उजेड आत जाता जाता विझत जातो. उत्सवात या ओवऱ्यांतून दिव्यांच्या उजेडात कितीतरी मूर्ती एकाच वेळी दिसत असतील, हे मनात आणल्याशिवाय या वास्तूचा अर्थ लागत नाही. भारतात या घडणीची दुसरी वास्तू नाही.

झोपडीचे छप्पर ही बंगालच्या देवळांची गुरुकिल्ली आहे. बांबूच्या लवचिक वाशांवर शाकारलेले छप्पर दोन्ही टोकांना खाली झुकते, त्यामुळे मुसळधार पावसाचे पाणी न साचता झरकन ओघळते. हीच वक्र रेषा गवंड्यांनी विटेत उतरवली. छपराच्या उतरत्या पाख्याला बंगालीत ‘चाला’ म्हणतात, दोन पाख्यांचे ते दोचाला आणि चार पाख्यांचे ते चारचाला. दोचाला घराला ‘बंगला’ असेही नाव होते, आणि मराठीत ऐटदार घराला लागलेला ‘बंगला’ हा शब्द मूळचा याच बंगाली घरावरून आला आहे. देवळाच्या छतावर शिखर बसवले की त्याला ‘रत्न’ म्हणतात. एक शिखर असेल तर एकरत्न, पाच असतील तर पंचरत्न. रघुनाथ सिंहाने बांधलेले श्यामरायाचे देऊळ पंचरत्न आहे, मधले शिखर अष्टकोनी आणि कोपऱ्यांतली चार चौकोनी. त्याच राजाचा जोडबंगला म्हणजे दोन दोचाला घरे पाठीला पाठ लावून जोडलेली आणि वर एक चारचाला शिखर, पुढचे घर ओसरीचे आणि मागचे देवाचे. शेतकऱ्याच्या घराचा आकार जसाच्या तसा उचलून त्यात देव बसवणारी आणि त्या साधेपणात कोठेही कमीपणा न मानणारी ही वास्तुरीती गौडीय भक्तीला जितकी शोभते तितकी दुसरी क्वचितच शोभली असती, कारण या भक्तीत देव हा गोकुळातल्या गवळ्यांचा सखा आहे.

जोडबंगल्याची भिंत दोन हातांवरून पाहावी. दुरून जी खडबडीत लाल पृष्ठभूमी वाटते, ती जवळून शेकडो मृत्फलकांची, म्हणजे मातीच्या चित्रपाट्यांची, मांडणी असल्याचे कळते. ओली माती थापून, ती चामड्यासारखी घट्ट झाल्यावर सुरीने आकार उठवून, मग भट्टीत भाजून या पाट्या तयार होत आणि ठरल्या जागी चुन्यात बसवल्या जात. काम करणारे कारागीर बहुतांशी सूत्रधार जातीचे, ज्यांचा हात लाकूड, दगड, माती आणि रंग या चारही माध्यमांत चाले. पायथ्याच्या पट्ट्यांत शिकारीची दृश्ये आणि नौकांचे ताफे आहेत, नौकांत टोप्या घातलेले, बंदुका धरलेले फिरंगी आहेत. वरच्या भागात रामायण-महाभारतातील युद्धे आणि कृष्णलीला येतात. बोटाच्या पेराएवढ्या चेहऱ्यालाही नाक-डोळे आहेत, वल्ही मारणाऱ्यांच्या पाठी एका लयीत वाकल्या आहेत. श्यामरायाच्या देवळात हे काम बाहेरून थांबत नाही, आतल्या भिंती आणि कमानींच्या आतल्या कडाही पाट्यांनी भरल्या आहेत. तेथील रासमंडलात मध्यभागी राधाकृष्ण आणि भोवती एकाबाहेर एक अशी गोपींची वर्तुळे आहेत. कोणत्याही एका पाटीपुढे थांबावे असे त्यात काही नाही आणि कोणतीही एक पाटी सोडून पुढे जाववत नाही. सकाळी किंवा दुपार कलताना ऊन तिरपे पडते तेव्हा उठाव स्पष्ट होतो, माथ्यावरच्या उन्हात मात्र सारे सपाट दिसते.

जांभ्याची देवळे या तुलनेत अबोल आहेत. कालाचंद (१६५६), लालजी (१६५८), मुरलीमोहन (१६६५) ही एकरत्न देवळे आकाराने डौलदार असली, तरी जांभ्यात बारीक कोरीव काम धरत नाही, म्हणून त्यांच्यावर चुन्याच्या गिलाव्यात नक्षी काढली होती आणि तिचा बराचसा भाग पावसाने धुऊन गेला आहे.

मराठी वाचकाने येथे एका अवघड आठवणीला सामोरे जायला हवे. सरकारी घोडा आणि हत्यार घेऊन लढणारा शिपाई तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. या ‘बारगीर’ शब्दाचे बंगालीत ‘बर्गी’ झाले आणि तो शब्द लुटारूंच्या टोळीला चिकटला. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये चौथाईसाठी बंगालमध्ये उतरले आणि १७५१ च्या तहापर्यंत मोहिमा होत राहिल्या. गंगाराम या कवीच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या समकालीन बंगाली काव्यात गावे जाळल्याची, बायकांवरील अत्याचारांची वर्णने आहेत. बंगाली आया मुलांना निजवताना जे अंगाईगीत म्हणतात, त्यातही बर्गी आहेत. भास्करपंतांच्या फौजेने विष्णुपुरावरही हल्ला केला, परंतु किल्ला सर झाला नाही, मुलूख मात्र उजाड झाला. तेव्हाचा राजा गोपाल सिंह एवढा भाविक होता की प्रत्येक प्रजाजनाने रोज संध्याकाळी जपमाळ घेऊन नामस्मरण करावे असे त्याने फर्मान काढले होते, आणि लोक त्या जपाला ‘गोपाल सिंहाची बेगार’, म्हणजे वेठबिगार, म्हणत. हल्ल्याच्या वेळीही राजा देवापुढे बसून राहिला, तेव्हा स्वतः मदनमोहनाने तोफ डागून मराठ्यांना परतवले, अशी आख्यायिका आहे. ती तोफ, दलमादल, आजही गावात एका ओट्यावर ठेवलेली आहे: घडीव लोखंडाची कडी एकमेकांना जोडून बनवलेली, सुमारे पावणेचार मीटर लांबीची. तिचे नाव ‘दलमर्दन’ या शब्दावरून आले असे सांगतात, आणि येथे मर्दन झाले ते मराठी दळाचे, हे ध्यानात ठेवूनच मराठी प्रवाशाने तिच्यापुढे उभे राहावे.

मल्लांचे राज्य मराठ्यांनी घेतले नाही. मोहिमांनी रिकामे झालेले मुलूख, दुष्काळ, भाऊबंदकी आणि कंपनी सरकारचा चढा सारा या सर्वांनी मिळून ते खचवले, आणि थकबाकीपायी १८०६ मध्ये जमीनदारी लिलावात गेली. त्याआधीच चैतन्य सिंह राजाने मदनमोहनाची मूर्ती कोलकात्याच्या बागबाजारातील गोकुळ मित्र या धनिकाकडे गहाण टाकली होती आणि मूळ मूर्ती तिकडेच राहिली, असे सांगतात. मराठ्यांच्या धास्तीने इंग्रजांनी कोलकात्याभोवती खणायला घेतलेला ‘मराठा खंदक’ याच बागबाजारापासून सुरू होत असे.

राज्य गेले तरी दरबाराने पोसलेल्या कला गावात राहिल्या. ध्रुपदाचे विष्णुपूर घराणे येथलेच. त्यातील यदुभट्ट यांच्याकडे बालपणी रवींद्रनाथांचे कान तयार झाले. बालुचरी साडी मूळची मुर्शिदाबादकडची, विसाव्या शतकाच्या मध्यास तिचे पुनरुज्जीवन विष्णुपुरात झाले आणि देवळांच्या पाट्यांवरील दृश्ये आता तिच्या पदरावर विणली जातात. यांहून मराठी माणसाला जवळचा वाटेल तो ‘दशावतार ताश’, म्हणजे दशावतारी गंजिफा. जुन्या कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, त्यावर पांढरा लेप देऊन रंगवलेली ही गोल पाने दहा अवतारांची, प्रत्येकी बारा, म्हणजे एकूण १२० असतात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेचेही गणित हेच. विष्णुपुरात हे काम फौजदार घराण्याकडे आहे, आणि राजवाड्याजवळच्या मृण्मयी देवीच्या दुर्गापूजेसाठी लागणारे देवीचे पटही त्यांच्याच घरी रंगतात.

प्रमुख देवळांचे जतन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करते, आणि जागतिक वारशासाठीच्या संभाव्य यादीत विष्णुपूर १९९८ पासून आहे. पाहायला निदान दोन दिवस हवेत, कारण विटेची देवळे आणि जांभ्याची देवळे एका दमात पाहिली की डोळा थकतो. शेवटी मदनमोहनाकडे यावे. दुर्जन सिंहाने बांधलेल्या या एकरत्न देवळात, बहुतेक देवळे रिकामी पडली असताना, पूजा अजून चालू आहे. मूळ मूर्ती गेली तिच्या जागी दुसरी आली. संध्याकाळी आरतीच्या वेळी दाराच्या कमानीवरच्या मातीच्या योद्ध्यांवर आतल्या दिव्याचा उजेड पडतो आणि पुजारी घंटा वाजवतो.