परदेशातील महिन्याचा हिशेब

आपल्या विद्यार्थ्याला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाल्याची वार्ता आली की वस्तीत पेढे वाटले जातात. शुल्क शासन भरणार, म्हणजे चिंता मिटली, अशी पालकांची समजूत होते. परंतु शुल्क वर्षातून एकदा-दोनदा भरावयाचे असते. भाडे आणि भाकरी यांचा खर्च दर महिन्याला पुढे उभा राहतो.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या हिशेबाची झळ सोसली आहे. १९१३ साली महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तेव्हा पौंडास पंधरा रुपये हा दर होता; म्हणजे ही रक्कम सुमारे १७२ रुपये. येथे ती मोठी होती, न्यूयॉर्कमध्ये मात्र तिचे जेमतेम ५६ डॉलर होत. त्यातच निवास, भोजन व ग्रंथखरेदी भागवून ते माता रमाईंनाही पैसे पाठवीत. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. बुद्धी कमी पडली नव्हती, पैसा कमी पडला होता. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी बचत केली. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज मिळाले, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले.

आजचे चित्र पाहू. ब्रिटनने २०२५ च्या आरंभी विद्यार्थी व्हिसासाठी राहण्याचा किमान खर्च लंडनमध्ये दरमहा १,४८३ पौंड व लंडनबाहेर १,१३६ पौंड ठरविला. नऊ महिन्यांपर्यंतची ही तरतूद दाखवावी लागते आणि हे आकडे वाढतच असतात. पौंडास ११५ रुपये धरल्यास लंडनबाहेरचा महिनाही सुमारे १ लाख ३० हजारांचा होतो. याशिवाय आरोग्यसेवेचा वार्षिक ७७६ पौंडांचा अधिभार व्हिसाच्या अर्जासोबतच भरावा लागतो. उलट, शासकीय परदेश शिष्यवृत्तीतील निर्वाहभत्ता अनेक वर्षे वार्षिक ९,९०० पौंड, म्हणजे दरमहा ८२५ पौंड होता. लंडनबाहेरच्या किमान खर्चाशी तुलना केली तरी महिन्याला ३११ पौंडांची तूट दिसते.

ही तूट भागीदारीची खोली, स्वतःचा स्वयंपाक आणि लहान शहराची निवड यांनी कमी होते. पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्यास वीस तासांपर्यंत काम करण्याची मुभा असते. तथापि त्या कमाईच्या भरवशावर घर सोडू नये. भत्त्याचा पहिला हप्ता उशिरा आला तरी घरमालक थांबत नाही. म्हणून अनामत रक्कम आणि किमान तीन महिन्यांचा खर्च निघण्यापूर्वीच हाती असावा.

लोणखेड्यातील शेतमजुराच्या घरी एवढी रक्कम कोठून येणार? येथे माजी विद्यार्थ्यांचे कर्तव्य सुरू होते. सत्काराच्या शाली आपण पुष्कळ दिल्या. आता निघणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी तीन महिन्यांची बिनव्याजी उसनवारी उभी करू या. भथेनांनी एका मित्रासाठी जे केले, ते आपण सर्वांनी मिळून एका मुलासाठी करणे अशक्य नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!