बंदूक पुसायला पेट्रोल, ब्रेक क्लीनर वापरताय? आधी हे वाचा

भात पोटरीला आलं की रानडुकरं शेतात उतरतात आणि कोकणात शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या घरांतून बंदुका बाहेर निघतात. पावसाळाभर कपाटात पडून राहिलेली किंवा निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करून परत आणलेली बंदूक गंजलेली असते. पूर्वी ती रॉकेलने पुसायचे. आता रॉकेल सहज मिळत नाही, म्हणून बरेच जण गॅरेजमधून ब्रेक क्लीनर, कार्बोरेटर क्लीनरचा डबा आणतात, नाहीतर गाडीतलं पेट्रोल काढतात. यातलं काय चालतं आणि काय जिवावर बेतू शकतं, ते समजून घेऊ.

आधी बंदूक रिकामी आहे का बघा

काडतुसाची बंदूक उघडली की लगेच कळतं. ठासणीच्या बंदुकीचं तसं नाही, भरलेली बंदूक बाहेरून रिकामीच दिसते. आधी टोपी काढा. मग तोंड सुरक्षित दिशेला धरून, स्वतः बाजूला उभं राहून गज अलगद आत सोडा. तोंडापाशी गजावर खूण करा. तोच गज बाहेरून नळीला लावून बघा. खुणेपासून गज नळीच्या बुडापर्यंत पोचत नसेल, तर आत बार आहे असंच समजा.

अशा नळीत पेट्रोल ओतून दारू 'मारता' येते, हा समज चुकीचा आहे. दारूतला सोरा पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पेट्रोल उडून गेलं की दारू पुन्हा पेट घेऊ शकते. भरलेली बंदूक घरी उकरत बसू नका. ती कशी न्यायची हे पोलीस ठाण्यात विचारून परवानाधारक कारागिराकडेच द्या.

ठासणीच्या बंदुकीला पाणीच लागतं

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळल्यावर नळीत क्षार उरतात. हे क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि आपल्या दमट हवेत नळी लवकर गंजते. पेट्रोल किंवा ब्रेक क्लीनरने तेलकट मळ निघतो, क्षार निघत नाहीत. त्यासाठी गरम पाणी आणि थोडा साबण हाच जुना उपाय खरा. नंतर कोरड्या फडक्याने नळी पूर्ण सुकवायची आणि तेलाचा हात फिरवायचा.

काडतुसाच्या बंदुकीचा मळ वेगळा असतो. तिला बंदुकीसाठीच मिळणारं साफ करायचं द्रावण उत्तम. ते नसेल तर रॉकेलही चालतं.

गॅरेजमधल्या डब्यात काय असतं?

ब्रेक क्लीनर दोन प्रकारचे असतात. एकात क्लोरीनयुक्त द्रावक असतं. ते सहसा पेटत नाही, पण वेल्डिंगच्या किंवा ज्वाळेच्या उष्णतेत त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. दुसऱ्यात ॲसिटोन, हेक्झेनसारखी द्रावकं असतात, ती भडकन पेटतात. त्यामुळे डब्यावरचा मजकूर वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.

वापरायचंच असेल तर उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि फक्त लोखंडी भागावर वापरा. दस्त्याचं पॉलिश आणि प्लॅस्टिक यामुळे खराब होतं. कार्बोरेटर क्लीनरलाही हेच लागू.

आणखी एक गोष्ट. ही द्रावकं मळाबरोबर सगळं तेलही काढून टाकतात. लोखंड एकदम कोरडं पडतं आणि तसंच ठेवलं तर गंज धरतं. म्हणून सुकल्याबरोबर शिलाई मशीनचं किंवा बंदुकीचं पातळ तेल लावा. खायचं तेल नको, ते कालांतराने चिकट होतं. बार काढण्याआधी नळीतलं जादा तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

पेट्रोल नकोच

पेट्रोलची वाफ साध्या तापमानालाही पेट घेते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरकत चुलीपर्यंत, देवापुढच्या दिव्यापर्यंत जाते. त्यात बेंझीन असतं, त्यामुळे कॅन्सरचा धोका आहे. शिवाय आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. म्हणजे गंज काढायला जावं आणि गंजालाच बोलवावं.

हेही लक्षात ठेवा

- साफसफाईच्या जागी दारू, टोप्या, काडतुसं, विडी-काडी काहीही नको.
- भिजलेली फडकी चुलीत टाकू नका. उघड्यावर पसरून सुकवा.
- रॉकेल, पेट्रोल पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. पोराने चुकून प्यायलं तर उलटी करवू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. सरळ दवाखाना गाठा.
- पुसणं, तेल लावणं घरी करता येतं. चाप, घोडा, नळीची दुरुस्ती मात्र परवाना असलेल्या दुकानातूनच करून घ्या.
- बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुकराबाबत वनखात्याची रीतसर परवानगी वेगळी लागते.