पालखीच्या कडेचें चित्र

आमच्या पेणच्या घरीं जुन्या पेटाऱ्यांत एक आग्फा क्लिक थ्री कॅमेरा आहे. बडोद्यास तयार झालेला हा काळा ठोकळा आम्हीं १९७९ सालीं, शिक्षकाच्या पहिल्या पगारांतून घेतला. त्या वेळीं आमचा जिल्हा कुलाबा होता. रायगड हें नांव त्यास १९८१ सालीं मिळालें.

या यंत्रांत अवघड असें कांहीं नाहीं. एकशेंवीस नंबरची फिल्म भरावी, पाठीवरील तांबड्या खिडकींत आंकडा दिसेपर्यंत ती गुंडाळावी, ऊन असेल तर सूर्याच्या व आभाळ असेल तर ढगाच्या खुणेवर कांटा ठेवावा, कीं झालें. एका रोलवर बारा चित्रें. गुंडाळावयास विसरलें, तर एकावर दुसरें चढे. आमच्या एका चित्रांत कारखान्याच्या अंगणीं वाळत ठेवलेल्या शाडूच्या गणेशमूर्तींमधून आमचे मुख्याध्यापक आरपार चालत आहेत! तें त्यांस दाखविण्याचें धैर्य आम्हांस कधीं झालें नाहीं.

चित्रें बाराच, म्हणून हिशेब असे. मुंज, लग्न, गणपति, पालखी यांवर फिल्म खर्चावयाची. ओट्यावर पापड वाळत घालणाऱ्या, विहिरीवर बोलत उभ्या राहिलेल्या बायकांवर ती कोण खर्चणार? त्यांतलें एकही चित्र आज आमच्यापाशीं नाहीं.

रोह्यास आमच्या थोरल्या बंधूंचें घर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं तेथें ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते; पोलिसांनीं तिला सशस्त्र मानवंदना देण्याची जुनी रीत आहे. १९८३ सालीं पालखी आळींत आली तेव्हां आम्ही ओट्यावर कॅमेरा सांवरून उभे होतों. रोलवर एकच चित्र उरलें होतें. इतक्यांत वहिनी ओवाळणीचें तबक घेऊन पुढें आल्या.

“वहिनी, बाजूला व्हा, पालखी झांकते!” आम्ही ओरडलों. वहिनी मुकाट्यानें एक पाऊल सरल्या.

चित्र धुऊन आलें आणि हिरमोड झाला. या कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या सुमारें तिसाव्या भागापुरता उघडतो. भोयांच्या खांद्यावर हलणाऱ्या पालखीस तेवढा वेळही फार. ती धुरासारखी फिसकटली होती. प्रत पुडक्यांत टाकून दिली.

पुढें वहिनी गेल्या. भिंतीवर लावण्यास त्यांचा फोटो शोधूं लागलों, तों कोठेंच मिळेना. घरच्या साऱ्या कार्यांचीं चित्रें आम्हींच काढलेलीं. परंतु “सगळे या” अशी हांक गेली, कीं वहिनी पंगतीच्या तयारींत स्वयंपाकघरांत असत. त्यांस बोलावून आणावें, हें आम्हांस सुचलें नव्हतें.

अखेर पुतण्याच्या हातीं तें फसलेलें चित्र लागलें. पालखी हललेली, पण उजव्या कडेस वहिनी स्थिर उभ्या होत्या म्हणून स्वच्छ उमटल्या आहेत. दृष्टि पालखीकडे नाहीं. मान वळवून त्या आमच्याकडे पाहत आहेत. सरले तेवढें पुरे का, असें विचारीत आहेत.

निगेटिव्हवर कोंकणच्या पावसानें बुरशीचे ठिपके पाडले होते. तरी फिल्म रुंद, म्हणून मोठी प्रत निघाली. “हललेली पालखी कापून टाकूं का?” असें दुकानदारानें विचारलें. आम्हीं नको म्हटलें.

यंदा नातवानें तो कॅमेरा बाहेर काढला. फिल्म अजून मिळते. किंमत ऐकून मात्र आमचे डोळे पांढरे झाले. पहिलेंच चित्र त्यानें मिरच्यांचीं देठें खुडीत बसलेल्या आपल्या आईचें घेतलें. “अरे, केस तरी नीट करूं दे,” असें ती म्हणत होती.